नजर गेली म्हणून उदास, की कामं सुटली म्हणून?

"डोळेच अधू झाले, आता माणूस उदास होणारच. त्यात समजून घेण्यासारखं काय आहे?" नजर कमी झालेल्या माणसाबद्दल हे वाक्य घरात बोललं जातं, नातेवाइकांत बोललं जातं आणि कधीकधी दवाखान्यातही. ऐकायला समजूतदार वाटतं. पण त्यातून असा अर्थ निघतो की उदासी हा डोळ्यांच्या आजाराचाच भाग आहे, तिच्यासाठी वेगळं काही करायला नको. मग कोणी काही करतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात किमान 220 कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही. यातल्या पुष्कळांचं काम चष्म्याने किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने भागू शकतं. हा लेख उरलेल्यांबद्दल आहे, म्हणजे ज्यांची गेलेली नजर परत यायची नाही त्यांच्याबद्दल. डोळ्यांच्या दवाखान्यांत येणाऱ्या अशा लोकांच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण चौघांत एकाला नैराश्य किंवा त्याची ठळक लक्षणं आढळतात. इतरांच्या मानाने हे प्रमाण बरंच जास्त आहे. तरी चौघांतल्या तिघांना ती लक्षणं नसतात हेही त्यातच आलं, आणि मग "होणारच" म्हणता येत नाही.

## अंधत्व म्हणजे मिट्ट काळोख?

क्वचितच. तपासणीच्या कागदावर 6/60 असं लिहिलेलं असतं. निरोगी डोळ्याला जे अक्षर 60 मीटरवरून ओळखू येतं, ते या डोळ्याला 6 मीटरवर आल्यावर ओळखू येतं, एवढाच त्याचा अर्थ. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 3/60 पेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते अंधत्व. 6/18 पासून खाली, पण अंधत्वाच्या अलीकडे जे येतात त्यांना अल्पदृष्टी असलेले म्हणतात. कागदोपत्री अंध असलेल्या बहुतेकांनाही काही ना काही दिसत असतं: उजेड कुठून येतोय, समोर कोणीतरी उभं आहे, दाराची चौकट कुठे आहे.

आणि न दिसण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. दृष्टिपटल हा डोळ्याच्या आतला पडदा. त्याच्या मधोमध बारीक तपशील टिपणारा जो छोटा भाग असतो तो मॅक्युला. तो झिजला की मधलं चित्र पुसलं जातं, कडेचं राहतं. असा माणूस खोलीतून कशालाही न धडकता जातो, खाली पडलेला रुमाल उचलतो आणि दारात उभ्या सख्ख्या भावाला ओळखत नाही. काचबिंदू बळावला की बरोबर उलट होतं. कडा जातात, मधलं शेवटपर्यंत टिकतं. हा माणूस गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतो आणि वाटेतल्या स्टुलाला अडखळतो. बघणाऱ्याच्या मनात दोन्ही वेळेला एकच येतं: "सोयीचं तेवढं बरं दिसतं!"

मधली नजर गेलेली कित्येक माणसं समोरच्याकडे बघताना डोळा किंवा मान थोडी बाजूला वळवतात. डोळ्याच्या शाबूत कडेने बघण्याची ही रीत आहे, ती मुद्दाम शिकवलीही जाते. समोरच्याला मात्र वाटतं, याचं आपल्याकडे लक्ष नाही. आपला आजार खरा आहे हे रोज कोणाला तरी पटवून द्यावं लागणं, हा मनावरचा एक मोठा भार आहे. तपासणीच्या कागदावर त्याची नोंद कुठेच होत नाही.

## मन खचतं ते नेमकं कुठे

डोळा किती बिघडला यावरून मन किती खचेल याचा अंदाज बांधता येत नाही. 6/60 च्या दोन माणसांतला एक आपली कामं करत असतो, दुसरा कोपऱ्यात बसून असतो. वयोमानानुसार मॅक्युला झिजलेल्या रुग्णांवरचा 2002 सालचा एक अभ्यास याबाबतीत फार उपयोगी आहे. त्यात दिसलं ते असं, की नजर आणि नैराश्य यांच्या मधला दुवा होता सोडून दिलेली कामं. ज्याच्यासाठी जीव अडकलेला असतो असं एखादं काम हातचं गेलेली माणसं जास्त खचलेली होती.

हे घडतं टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा त्या-त्या वेळी अगदी शहाणपणाचा वाटतो. वाचताना ओळ सुटायला लागते, डोकं दुखतं, म्हणून वाचणं बंद. एकदा पायरी चुकते, म्हणून एकट्याने बाहेर जाणं बंद. कोणीतरी हात हलवून ओळख देतं, ते दिसत नाही, मग "हल्ली भाव खातो" असं कानावर येतं, म्हणून चारचौघांत जाणं बंद. प्रत्येक वेळी एक त्रास टळतो आणि दिवसातून एक आनंदाची जागा वजा होते. दिवस रिकामा झाला की मन मलूल होतं, आणि मलूल मनाला उरलेली कामंही जड वाटतात.

मोठ्या नुकसानांबद्दल लोक बोलतात: नोकरी, वाहन चालवणं. छोट्यांबद्दल कोणी विचारत नाही. आपल्या खात्यात किती पैसे आले हा संदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं. घरातले सगळे एकदम हसले तर कशाला हसले ते न कळणं, कारण विनोद शब्दांत नव्हताच, कोणाच्या तरी चेहऱ्यावर होता. आपल्या कपड्यावर डाग आहे का याची खात्री नसणं.

शिवाय थकवा. धड डोळ्यांना जे आपोआप उमगतं ते इथे लक्ष देऊन, आठवून, चाचपून जुळवावं लागतं. दुपारपर्यंत शक्ती संपते. याला आळस म्हणू नये. जड कामं दिवसाच्या पहिल्या भागात घेणं, डोळ्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत करणं आणि मध्ये डोळे मिटून बसणं, यांनी बराच फरक पडतो.

हळूहळू नजर जाणाऱ्या आजारांत आणखी एक पेच असतो. एका पातळीशी जुळवून घेतलं, नवी पद्धत बसवली, की नजर पुन्हा थोडी उतरते आणि जुळवलेलं मोडतं. मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडलेल्यांची नजर काही वेळा दिवसागणिक बदलते. आज वाचता आलं आणि उद्या नाही, तर उद्याचं काही ठरवायचीच धास्ती वाटते. अशा लोकांत कधीकधी उदासीपेक्षा चिंता पुढे असते. ती ओळखायला अवघड, कारण "पडेन म्हणून जपतो" हे ऐकणाऱ्याला वाजवीच वाटतं.

## "मन लागत नाही" की "जमत नाही"?

नैराश्य म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असणं किंवा कशातच रस न उरणं, आणि सोबत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, स्वतःबद्दलचं मत यांत बिघाड, असं एकत्र दिसलं की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तपासायला बहुधा नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी करायची.

नजर कमी असलेल्यांच्या बाबतीत ही यादी दोन ठिकाणी फसते. पहिलं, ती छापील असते. मग बरोबर आलेला मुलगा किंवा सून ती मोठ्याने वाचते, आणि "मरून गेलो तर बरं, असं वाटतं का?" या प्रश्नाचं उत्तर माणूस त्यांच्यासमोर देतो. म्हणजे "नाही" असंच देतो. नातेवाइकांना बाहेर बसवून डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने प्रश्न वाचून दाखवावेत, असं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

दुसरं, काही लक्षणं नुसत्या नजरेमुळेही येतात. लवकर थकणं, सावकाश हालचाल, वाचताना लक्ष न लागणं हे नैराश्यातही असतं आणि मन ठणठणीत असताना फक्त दिसत नाही म्हणूनही. म्हणून सोडलेल्या प्रत्येक कामाबद्दल एक प्रश्न विचारावा: हे करता आलं असतं तर करावंसं वाटलं असतं का? "वाटतं हो, पण जमत नाही" असं उत्तर आलं तर आधी साधन, उजेड, पद्धत यांकडे बघायचं. "जमलं तरी नको वाटतं" असं आलं तर मनाकडे बघायची वेळ झाली. दोन्ही एकत्रही असतात, आणि बहुतेकदा पहिलं बराच काळ तसंच राहून त्यातून दुसरं तयार झालेलं असतं.

वयस्कर माणसांत आणखी एक घोटाळा होतो. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्यांत आकृती काढा, वाक्य वाचा असे प्रश्न असतात. ते न दिसल्यामुळे चुकले तरी गुण जातात आणि विसरभोळेपणाचा शिक्का बसतो. डोळ्यांवर अवलंबून नसलेल्या चाचण्या आहेत, त्या मागाव्यात.

## एक काम उलगडून पाहू

"पुन्हा कामाला लागा" हा सल्ला देणं सोपं आहे. वाचन हे एकच काम घेऊन त्यात काय-काय येतं ते बघू.

आधी उजेड. छतावरचा दिवा मोठा लावून फारसं साधत नाही. हलवता येणारा दिवा कागदाजवळ आणावा: 60 सेंटिमीटरवरून 30 वर आणला की कागदावरचा उजेड जवळपास चौपट होतो. दिवा चांगल्या डोळ्याच्या बाजूने, डोळ्यांच्या पातळीच्या खाली, झाकण असलेला. उघडा दिवा डोळ्यांत गेला तर चकाकीने होतं तेही दिसेनासं होतं आणि माणूस "उजेडाने त्रासच होतो" म्हणून दिवा कायमचा बंद करतो.

मग भिंग. घरोघरी खणात पडून असलेली भिंगं बहुतेक एकाच कारणाने पडून असतात, ती चुकीच्या अंतरावर धरली गेली. हातात धरायच्या भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये लिहिलेली असते. 100 ला त्या आकड्याने भागलं की कागदापासून किती सेंटिमीटरवर धरायचं ते मिळतं. 20 डायॉप्टरचं भिंग 5 सेंटिमीटरवर धरायचं, आणि डोळा जमेल तितका भिंगाजवळ न्यायचा. डोळा लांब ठेवला तर एका वेळी दोन-तीनच अक्षरं दिसतात. भिंग जितकं जोरकस तितका दिसणारा भाग लहान, हेही आधी सांगावं. नाहीतर सगळ्यात मोठं करणारं भिंग विकत घेतलं जातं आणि आठवड्यात खणात जातं. हात थरथरत असेल तर पायावर उभं राहणारं भिंग घ्यावं, त्यात अंतर ठरलेलंच असतं. ओळ सुटत असेल तर काळ्या जाड कागदात एका ओळीएवढी खाच कापून ती पानावर ठेवावी.

एवढं करूनही वाचणं कष्टाचं असेल तर कानाकडे वळायचं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, संगणकावर मोफत मिळणारं एनव्हीडीए: हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी सोय. इथे हमखास एक गडबड होते. टॉकबॅक चालू केलं की बोटांच्या खुणा बदलतात. एकदा टेकवलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा टेकवावं लागतं, पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे माहीत नसलेला माणूस दोन मिनिटांत ठरवतो की फोन बिघडला. म्हणून सगळ्यात आधी ते बंद कसं करायचं हे शिकवावं: आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून काही सेकंद धरायची. बऱ्याच फोनांत हा मार्ग आधी सेटिंगमध्ये चालू करून ठेवावा लागतो. बंद करता येतं हे कळलं की धीर येतो.

आता हे मनाशी कुठे जोडायचं? वेळेशी. "वाचायला सुरुवात करा" असं मोघम न ठेवता "मंगळवारी सकाळी दहा वाजता, खिडकीजवळच्या दिव्याखाली, दहा मिनिटं, फक्त मथळे" इतकं बारीक ठरवायचं. दहा मिनिटं जमली की थांबायचं, उत्साहाच्या भरात तासभर ओढायचं नाही. डोकं दुखून शेवट झाला तर दुसऱ्या दिवशी मन आपोआप टाळाटाळ करतं. मूड आला की करू, असं म्हणून वाट बघू नये. नैराश्यात मूड कामाच्या मागून येतो. यावर उभारलेल्या उपचारपद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणतात.

## "नजर येणार नसेल तर बोलून काय होणार?"

रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मोजून पाहिलेलं आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मॅक्युला झिजलेले, थोडी उदासी असलेले पण अजून नैराश्याचा आजार न झालेले 188 रुग्ण घेतले. सगळ्यांना अल्पदृष्टीची साधनं आणि प्रशिक्षण मिळालं. त्यावर निम्म्यांना घरी येऊन वर्तन-सक्रियता शिकवली गेली, उरलेल्यांशी कोणीतरी आस्थेने बोललं, ऐकून घेतलं. चार महिन्यांनी पहिल्या गटात नैराश्य झालेले शंभरात सुमारे 13, दुसऱ्यात सुमारे 23. आस्थेच्या गप्पांना किंमत नाही असं यातून निघत नाही. पण कामाच्या पायऱ्या पाडून देणारी मदत जास्त पक्की ठरली.

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी पन्नाशीपुढच्या 265 दृष्टिबाधितांवर होती. त्यांना सौम्य लक्षणं होती. मदत पायरीपायरीने दिली: आधी नुसतं लक्ष ठेवायचं, बरं वाटलं नाही तर मार्गदर्शनासह स्वतः करायचा अभ्यास, मग अडचणी सोडवण्याचं प्रशिक्षण, आणि तरीही नाही तर डॉक्टरांकडे. दोन वर्षांत नैराश्य किंवा चिंतेचा आजार झालेले या गटात 29 टक्के, नेहमीची सेवा मिळालेल्यांत 46 टक्के. ही मदत मनासाठी होती, नजर सुधारण्यासाठी नव्हे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2007 सालच्या एका चाचणीत अडचणी सोडवण्याच्या प्रशिक्षणाचा फायदा दोन महिन्यांनी स्पष्ट होता, सहा महिन्यांपर्यंत तो बराच ओसरला. म्हणजे एकदा शिकवून सोडून देणं पुरत नाही. दर काही महिन्यांनी, आणि नजर उतरली की लगेच, पुन्हा बसावं लागतं.

## "आधी सत्य स्वीकारायला नको का?"

नकार, राग, दुःख आणि शेवटी स्वीकार अशा ठराविक पायऱ्या सगळ्यांना चढाव्याच लागतात, असा समज आहे. प्रत्यक्षात माणसं त्या क्रमाने जात नाहीत. सकाळी ब्रेलचा धडा गिरवणारा माणूस संध्याकाळी नव्या उपचाराची बातमी शोधत असतो. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. अडचण येते ती "मनाने स्वीकारलं की मग काठी घेऊ, मग शिकू" असं म्हणून प्रशिक्षण लांबवण्यात. शिकणं थांबतं, कामं सुटत जातात, आणि ज्याची वाट बघतोय तो स्वीकार आणखी दूर जातो.

पांढऱ्या काठीबाबत हे फार दिसतं. गरज असते, लाज वाटते, काठी घडी करून पिशवीत राहते. काठी वाट दाखवते तशी समोरच्यांना माहितीही देते. धक्का लागला तर कोणी खेकसत नाही, वाहनवाला थांबतो. पण प्रशिक्षकाकडून न शिकता घेतलेली काठी नुसती पुढे धरून चालली जाते आणि उपयोग कमी होतो. खांद्यांपेक्षा थोड्या रुंद पट्ट्यात ती डावी-उजवीकडे फिरवायची असते, डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार तिथली जमीन आधी तपासून झालेली असते.

## नसलेली माणसं दिसतात, पण वेड लागलेलं नसतं

याबद्दल बोलायला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. नजर बरीच कमी झालेल्यांपैकी काहींना नसलेली चित्रं दिसतात: जाळीदार नक्षी, फुलं, रंगीत पोशाखातली छोटी माणसं, अनोळखी चेहरे. जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्गअभ्यासकाने 1760 साली आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, म्हणून याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. कारण साधं आहे. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वस्थ बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. मनाच्या आजाराशी याचा संबंध नाही.

ओळखायचं कसं? चित्रं मुकी असतात, त्यांना आवाज, वास, स्पर्श नसतो, आणि ती खरी नाहीत हे माणसाला कळतं. चित्रं बोलू लागली, माणूस त्यांच्याशी वाद घालू लागला, सोबत विसरभोळेपणा, अंगाचा ताठरपणा, ताप किंवा नुकतंच बदललेलं औषध असेल, तर प्रकरण वेगळं. लगेच डॉक्टरांना दाखवावं. नाहीतर साधे उपाय चालतात. दिवा लावणं किंवा मालवणं, उठून दुसऱ्या खोलीत जाणं, चित्राकडे रोखून बघणं, हात पुढे करून स्पर्श करायला जाणं. किंवा मान स्थिर ठेवून डोळे डावीकडून उजवीकडे, साधारण सेकंदाला एकदा, 15 ते 30 वेळा फिरवणं. अनेकांचा त्रास वर्ष-दीड वर्षात कमी होतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो. मात्र "तुम्हाला वेड लागलेलं नाही" हे वाक्य ऐकूनच अर्धी भीती जाते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते स्वतःहून, विचारायची वाट न बघता सांगायला हवं.

## झोप बिघडते ती काळजीनेच असं नाही

शरीराचं आतलं घड्याळ बरोबर 24 तासांचं नसतं, बहुतेकांचं थोडं जास्तीचं असतं. रोजचा उजेड ते जुळवून देतो. दृष्टिपटलात या कामासाठी वेगळ्या पेशी असतात, त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड मोजतात. ज्यांना उजेडाचीही जाणीव उरलेली नाही अशांपैकी निम्म्याहून अधिकांचं घड्याळ जुळत नाही. समजा ते रोज अर्धा तास मागे पडतं, तर 24 दिवसांत शरीराची मध्यरात्र भर दुपारी येते आणि 48 दिवसांनी सगळं पुन्हा जागेवर. म्हणून काही आठवडे छान, मग काही आठवडे रात्री टक्क जाग आणि दिवसा गुंगी, चिडचिड, खिन्नता. बाहेरून हे नैराश्यासारखं दिसतं, आणि झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांनी मूळ दुखणं जात नाही.

झोपेची वेळ दोन महिने रोज नोंदवली, आवाजात रेकॉर्ड केली तरी चालेल, तर हा सरकत जाणारा नमुना स्पष्ट दिसतो. उपचार आहे: मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं संप्रेरक, रोज ठरलेल्या वेळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. वेळ चुकली तर परिणाम मिळत नाही. याच आजारासाठी टॅसिमेल्टिऑन या औषधाला अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळाली.

आणखी एक गोष्ट. काही पूर्ण अंध माणसांतही उजेडाचा शरीराच्या घड्याळावर परिणाम होतो, हे 1995 मध्ये दाखवलं गेलं; म्हणजे उजेड मोजणाऱ्या पेशी त्यांच्यात शाबूत असतात. त्यामुळे "तसंही काही दिसत नाही" म्हणून दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसणं किंवा सतत गडद चष्मा लावणं झोपेच्या मुळावर येऊ शकतं.

## "राहू दे, मी करतो"

"आई, तू बस, गरम पाणी मी ओततो." प्रेमाने म्हटलेलं असतं. दिवसातून वीस वेळा म्हटलं की आईचं एकेक काम जातं. गरजेपेक्षा जास्त जपलं जातंय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यात नैराश्य जास्त आढळतं, हे दृष्टिबाधित ज्येष्ठांच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. पण "मग भाजलं तर?" ही भीतीही खोटी नाही. म्हणून काम काढून न घेता धोका काढून घ्यायचा. ओतताना भांड्याचं तोंड पेल्याच्या कडेला टेकवून ठेवायचं. पेला हेलकावणार नाही अशा बुडाचा, मोठ्या ताटलीत ठेवलेला, ओतायच्या पेयाच्या रंगाशी विरोधी रंगाचा. कडेला अडकवायचं एक छोटं यंत्र मिळतं, पाणी वर आलं की ते वाजतं. सराव आधी गार पाण्याने.

घरात बाकी फार काही लागत नाही. दार एक तर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट उघडं नको. वस्तू हलवली तर सांगायची. खोलीत आल्यावर नाव घेऊन बोलायचं, जातानाही सांगून जायचं, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो आणि ते लक्षात आल्यावर ओशाळतो. बाहेर नेताना दंड पकडून ढकलायचं नाही. आपलं कोपर द्यायचं, अर्धं पाऊल पुढे चालायचं, पायरी आली की वर की खाली ते सांगायचं.

आपण डोळ्याला पट्टी बांधून तासभर चाललो आणि आपल्याला कळलं, असं काहींना वाटतं. अमेरिकेत यावर प्रयोग झाले. पट्टी बांधून पाहिलेल्यांनी नंतर अंध लोकांच्या क्षमतेला कमी लेखलं. नोकरी, एकट्याने राहणं हे त्यांना जमेल असं त्यांना कमी वाटलं. यात नवल नाही. पट्टीखाली मिळतो तो पहिल्या तासाचा गोंधळ, त्यात शिकलेल्या माणसाची सवय आणि तंत्र कुठून येणार?

## मदत मागताना काय सांगायचं

दोन आठवडे मन उठत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, किंवा घरच्यांवर आपण ओझं आहोत हे वाक्य वारंवार येत असेल तर डॉक्टर, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी तातडीची मदत घ्यावी.

मानसोपचारतज्ज्ञाला डोळ्यांचा आजार नावानिशी आणि चालू थेंबांसकट सांगावा, विशेषतः काचबिंदू असेल तर त्याचा प्रकार. डोळ्याच्या आतला द्रव (अश्रू नव्हे) ज्या कोनातून बाहेर जातो तो काहींचा अरुंद असतो, आणि नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी अशा डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. औषध सुरू झाल्यावर डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, मळमळून उलटी झाली तर त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठायचा. कोन उघडा असेल किंवा त्यावर लेझर झालेलं असेल तर ही भीती सहसा नसते, म्हणून घाबरून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कोन तपासून घ्यावा.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला जाताना, नजर किती राहिली यासोबत गेल्या वर्षभरात सुटलेल्या कामांची यादी घेऊन जावी. त्यातलं सगळ्यात जिवाचं एक काम निवडून, "हे मला पुन्हा करायचंय, अल्पदृष्टी केंद्रात पाठवा" एवढं सांगावं. प्रशिक्षकाला कामाला लागायला तेवढं एक नाव पुरतं.